रुपयाचे वचन : रिझर्व्ह बँक कायद्याच्या उद्देशिकेवर ओळीवार भाष्य

भारतीय रिझर्व्ह बँक कायदा 1934 चा. त्याच्या आरंभी काही वाक्यांची उद्देशिका आहे. 2016 साली वित्त कायद्याने तिचा निम्मा भाग काढून टाकला आणि त्या जागी नवा मजकूर घातला. त्यामुळे आज ती वाचताना दोन पिढ्यांची भाषा एकाच कागदावर भेटते. वरची 1934 ची, खालची 2016 ची. मधल्या ब्याऐंशी वर्षांत मध्यवर्ती बँकेचे काम कोणते, तिने कशाला बांधून घ्यावे आणि तिने कोणाला उत्तर द्यावे, याविषयीचे सगळ्या जगाचे विचार पालटले. तो पालट या दोन मजकुरांच्या सांध्यावर नेमका दिसतो. म्हणून उद्देशिकेतील एकेक वाक्यांश घेऊन त्यावर लिहीत आहे. मराठी रूप माझे आहे. वगळलेला भागही त्याच्या मूळ जागी ठेवला आहे, कारण त्याच्यावाचून उरलेल्याचा अर्थ पुरता लागत नाही.

‘बँकनोटा काढण्याचे आणि राखीव निधी ठेवण्याचे नियमन करण्यासाठी…’

1 एप्रिल 1935 रोजी रिझर्व्ह बँकेचे काम सुरू झाले. त्याआधी नोटा सरकार काढत असे. 1861 च्या कायद्याने तो अधिकार सरकारकडे होता. सरकारची बँक म्हणून मात्र इंपीरियल बँक काम करी. नोटा एकाच्या हातात आणि पत दुसऱ्याच्या, अशी ही विभागणी होती. दोन्ही सूत्रे एका संस्थेकडे द्यावीत ही हिल्टन यंग आयोगाची 1926 ची शिफारस. या वाक्यांशाचा पहिला अर्थ एवढाच.

दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा. मूळ कलम 33 प्रमाणे नोटांच्या पाठीशी असलेल्या मालमत्तेपैकी किमान 40 टक्के भाग सोने आणि स्टर्लिंग रोखे यांचा असणे बंधनकारक होते. म्हणजे किती नोटा काढाव्यात यावर कायद्यानेच अंकुश ठेवला होता, माणसाच्या विवेकावर तो सोडला नव्हता. 1956 मध्ये ही प्रमाणपद्धत गेली. 1957 पासून 115 कोटींचे सोने धरून एकूण 200 कोटी रुपयांची गंगाजळी पुरेशी मानली जाते. तो आकडा आजही तोच आहे. आजच्या चलनापुढे 200 कोटी नगण्य आहेत. तेव्हा या ओळीतला ‘राखीव निधी’ आता रुपयाला आवर घालत नाही. आवर घालायचा तो धोरणाने. ते धोरण कसे असावे, हे उद्देशिकेच्या पुढच्या ओळींनी सांगायला हवे होते, आणि ते सांगायला त्यांना फार उशीर झाला.

‘…भारतात चलनस्थैर्य साधण्याच्या हेतूने…’

साऱ्या उद्देशिकेत वादाला सर्वांत मोठी जागा या ओळीत आहे. स्थैर्य कशाच्या तुलनेत मोजायचे, हे कायदा इथे सांगत नाही. कलम 40 आणि 41 पाहिली की मात्र 1934 च्या कायदेकर्त्यांच्या मनात काय होते ते कळते. एका रुपयाला एक शिलिंग सहा पेन्स, या दराच्या आसपास बँकेने स्टर्लिंग विकले आणि विकत घेतले पाहिजे, असे त्या कलमांनी बजावले होते. स्थैर्य म्हणजे लंडनच्या तुलनेत स्थैर्य.

हा दर ठरला तो मोठ्या भांडणातून. हिल्टन यंग आयोगाने एक शिलिंग सहा पेन्सची शिफारस केली. त्यावर सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडली आणि एक शिलिंग चार पेन्सचा आग्रह धरला. मुंबईचे गिरणीमालक त्यांच्या बाजूचे होते. रुपया महाग ठेवला की मँचेस्टरचे कापड इथे स्वस्त पडते आणि शेतमालाला परदेशातून मिळणारे रुपये घटतात, हा त्यांचा मुद्दा होता. 1927 च्या चलन कायद्याने सहा पेन्सवर शिक्कामोर्तब केले. पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ यांचे पुढे सरकारशी विनिमयदर आणि व्याजदर या दोन्हींवरून पटेना, आणि मुदत संपण्याआधीच ते पायउतार झाले. संस्थेच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच तिच्या स्वायत्ततेचा प्रश्न उभा राहिला होता.

या वादात एक आवाज वेगळा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध 1923 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि 1925 मध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्षही दिली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : रुपयाचा विनिमयदर स्थिर राहिला म्हणून रुपया स्थिर झाला असे होत नाही, रुपयाने वस्तू किती मिळतात ती त्याची क्रयशक्ती स्थिर राहिली पाहिजे. केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने 1913 मध्ये ज्या सुवर्णविनिमय पद्धतीची तरफदारी केली होती, तिच्यावर आंबेडकरांनी थेट टीका केली. चलन काढणाऱ्याच्या हाती मनमानी राहते आणि महागाईचा भार गरिबावर पडतो, हे त्यांचे कारण होते. रिझर्व्ह बँक आंबेडकरांच्या ग्रंथातून जन्मली, असे हल्ली वारंवार सांगितले जाते. मला ते विधान मान्य नाही, कारण त्यात त्यांचे खरे योगदान झाकले जाते. व्यवस्थापकाच्या, विशेषतः सरकारच्या, विवेकावर चालणाऱ्या चलनाविषयी ते साशंक होते. रुपये काढण्यावर पक्की मर्यादा घालावी, असा त्यांचा उपाय होता. तो उपाय कोणी स्वीकारला नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न अचूक होता आणि तो वीस वर्षांच्या आत खरा ठरला.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने भारतात प्रचंड खरेदी केली. तिचे मोल लंडनमध्ये स्टर्लिंग रोख्यांच्या रूपात जमा होई आणि त्या रोख्यांच्या बळावर रिझर्व्ह बँक इथे नोटा काढी. कलम 33 नुसार स्टर्लिंग रोखे हे उत्तम तारण होते, त्यामुळे यात बेकायदा काहीच नव्हते. 1939 ते 1945 या काळात चलनातील नोटा जवळपास सहापट झाल्या, घाऊक किमती दुपटीच्या पलीकडे गेल्या. 1943 मध्ये बंगालमध्ये माणसे अन्नावाचून मेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चिंतामणराव देशमुख पहिले भारतीय गव्हर्नर झाले. या सगळ्या काळात रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्सच राहिला. कायद्याने मागितलेले स्थैर्य पूर्णपणे पाळले गेले आणि रुपया धरणाऱ्या माणसाचे होते-नव्हते ते गेले. ‘चलनस्थैर्य’ या शब्दाची व्याख्या न करण्याची किंमत काय असते, हे सांगायला दुसरे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

‘…आणि सर्वसाधारणपणे देशाची चलन व पतव्यवस्था देशाच्या हितासाठी चालवण्यासाठी…’

हा वाक्यांश सैल आहे आणि स्वातंत्र्यानंतरच्या चाळीस वर्षांत त्याच्या सैलपणाचा भरपूर वापर झाला. 1 जानेवारी 1949 रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे पंचवार्षिक योजना आल्या आणि ‘देशाचे हित’ म्हणजे योजनेला पैसा पुरवणे, हे समीकरण रूढ झाले. पत कोणत्या क्षेत्राला मिळावी, कोणत्या मालाच्या तारणावर मिळू नये, किती व्याजाने मिळावी, हे सगळे रिझर्व्ह बँकेत ठरू लागले. शेती आणि लहान उद्योग यांना बँकेची दारे उघडली ती या काळात. ती कमाई मी छोटी मानत नाही.

पण एका व्यवस्थेने धोरणाचा कणाच मोडला. 1955 पासून सरकारची रिझर्व्ह बँकेतील शिल्लक शुक्रवारी 50 कोटी आणि इतर दिवशी 4 कोटींच्या खाली गेली की तिची भरपाई तदर्थ कोषागार हुंड्या काढून आपोआप होई. सोय तात्पुरत्या अडचणीसाठी होती. हुंड्यांची मुदत 91 दिवसांची, पण त्या पुनःपुन्हा नव्याने निघत. 1974 पासून त्यांवरचा व्याजदर 4.6 टक्क्यांवर गोठवून ठेवलेला होता. म्हणजे तुटीचा निर्णय दिल्लीत होई आणि पैसा मुंबईत आपोआप जन्म घेई. त्याचा महागाईवरचा परिणाम रोखायला रिझर्व्ह बँक मग बँकांकडचाच पैसा अडवी. वैधानिक तरलता प्रमाण 38.5 टक्क्यांपर्यंत आणि रोख राखीव प्रमाण 15 टक्क्यांपर्यंत चढले. ठेवीदाराच्या शंभर रुपयांतले निम्म्याहून अधिक असे अडकून पडत. सी. रंगराजन गव्हर्नर असताना 1994 मध्ये सरकारशी करार झाला आणि 1 एप्रिल 1997 पासून या हुंड्या बंद झाल्या. 1991 च्या सुधारणांत या बदलाचे नाव क्वचित घेतले जाते. माझ्या मते भारतात चलनधोरण नावाची गोष्ट खऱ्या अर्थाने त्या दिवसापासून शक्य झाली.

‘जगातील चलनव्यवस्था सध्या विस्कळीत असल्याने भारताच्या चलनव्यवस्थेसाठी कायमचा आधार म्हणून काय योग्य ठरेल हे निश्चित करणे शक्य नाही, तथापि सध्याच्या व्यवस्थेच्या आधारे तात्पुरती तरतूद करणे इष्ट आहे…’ (2016 मध्ये वगळले)

ब्रिटनने सप्टेंबर 1931 मध्ये सुवर्णमानक सोडले. मार्च 1933 मध्ये अमेरिकेतील बँका बंद ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षीची लंडनची जागतिक आर्थिक परिषद निष्फळ ठरली. अशा वेळी कायदा लिहिणाऱ्यांनी ‘आम्हाला आज ठरवता येत नाही’ असे कायद्यातच लिहून ठेवले. आंतरराष्ट्रीय स्थिती पुरेशी स्पष्ट व स्थिर झाली की कायमचे उपाय करता येतील, असेही पुढे म्हटले. या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर वाटतो.

ती स्पष्टता काही आली नाही. 1944 मध्ये ब्रेटन वुड्सला डॉलरभोवती नवी रचना उभी राहिली. त्या परिषदेला भारताच्या शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते. 15 ऑगस्ट 1971 रोजी अमेरिकेने डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध तोडला. 1972 मध्ये पौंड तरंगता झाला. 1975 मध्ये आपण रुपया पौंडापासून सोडवून अनेक चलनांच्या गटाशी जोडला आणि मार्च 1993 मध्ये त्याचा दर बाजारावर सोपवला. इतके सगळे होऊन गेले तरी उद्देशिका 2016 पर्यंत ‘तात्पुरती तरतूद’ म्हणतच होती. सोने गेले, स्टर्लिंग गेले, चलनांचा गट गेला; बाहेरचा एकेक खुंटा उपटला गेला आणि आत नवा रोवला गेला नव्हता.

‘वाढत्या गुंतागुंतीच्या अर्थव्यवस्थेचे आव्हान पेलण्यासाठी आधुनिक चलनधोरणाची चौकट असणे अत्यावश्यक आहे…’

इथून 2016 चा मजकूर सुरू होतो. ‘आधुनिक’ हा शब्द कायद्यात शोभत नाही, कारण तो लवकर जुना होतो. पण त्यामागचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

चलन कशाला बांधावे, याचे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पहिले उत्तर आले ते मिल्टन फ्रीडमन यांचे : पैशाच्या साठ्याची वाढ आवरा, महागाई आपोआप आवरेल. ऑक्टोबर 1979 मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी व्याजदर सोडून बँकांच्या राखीव निधीवर लक्ष केंद्रित केले. अल्पमुदतीचे दर 20 टक्क्यांच्या घरात गेले, बेकारी वाढली, महागाई मोडली. पण पैशाचा साठा आणि किमती यांचे नाते पुढे टिकेना, आणि 1982 मध्ये तेथे ती पद्धत सोडून दिली गेली. जे परिमाण धोरणाचे लक्ष्य बनते ते परिमाण म्हणून भरवशाचे राहत नाही, हे चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्येच म्हटले होते. आपल्याकडे सुखमय चक्रवर्ती समितीने 1985 मध्ये पैशाच्या साठ्याचे लक्ष्य सुचवले, म्हणजे इतर देश ज्या वाटेने परतत होते त्या वाटेने आपण निघालो. 1998 मध्ये गव्हर्नर बिमल जालान यांच्या काळात अनेक निर्देशक एकत्र पाहण्याची पद्धत आली. ती लवचीक होती, पण तिच्यात कोणत्या निर्देशकाला किती वजन दिले हे बाहेरच्या माणसाला कळण्याचा मार्ग नव्हता.

दुसरे उत्तर 1977 मध्ये किडलंड आणि प्रेस्कॉट या अर्थशास्त्रज्ञांनी मांडले. त्यांचा युक्तिवाद असा : महागाई कमी ठेवू, असे आज जाहीर करणाऱ्या धोरणकर्त्याला उद्या ते वचन मोडण्याचा मोह होतो, कारण थोडी महागाई होऊ दिली की तात्पुरती तेजी येते. लोकांना हा मोह माहीत असतो. म्हणून ते आधीच जास्त महागाई गृहीत धरून मजुरी आणि भाव ठरवतात. शेवटी तेजी मिळत नाही, महागाई तेवढी उरते. यावर उपाय एकच : वचन मोडणे अवघड व्हावे अशी रचना. न्यूझीलंडने 1989 च्या कायद्याने ती केली. 1990 मध्ये तेथे महागाईचे शून्य ते दोन टक्के असे लक्ष्य ठरले आणि ते चुकल्यास गव्हर्नरला पदावरून दूर करता येईल अशी तरतूद होती. पाठोपाठ कॅनडा आणि ब्रिटन आले. भारतात उर्जित पटेल समितीचा अहवाल जानेवारी 2014 चा, सरकार आणि रिझर्व्ह बँक यांचा करार फेब्रुवारी 2015 चा आणि कायदा 2016 चा.

या चौकटीत हत्यार म्हणाल तर मुख्यतः एकच, रेपो दर. सरकारी रोखे तारण ठेवून बँकांना रिझर्व्ह बँकेकडून अल्पकाळासाठी पैसे मिळतात, त्याचे हे व्याज. तेवढ्या दरावर आणि बाजारातील रोखतेवर ताबा ठेवून बँका एकमेकींना एका रात्रीसाठी पैसे कोणत्या दराने देतील हे मध्यवर्ती बँक ठरवू शकते. त्यापुढचे सगळे तिच्या हाताबाहेर असते. गृहकर्जाचा हप्ता, कारखान्याचे कर्ज, शेअरचे भाव, रुपयाचा दर यांवर परिणाम पोचायला महिने लागतात. पूर्वी रेपो घटला तरी कर्जे स्वस्त होत नसत. 1 ऑक्टोबर 2019 पासून नवी तरत्या दराची किरकोळ कर्जे रेपोसारख्या बाह्य मानकाशी जोडणे सक्तीचे झाले, आणि 2022 मध्ये दर वाढले तेव्हा कर्जदारांना ते लगेच जाणवले.

‘चलनधोरणाचे प्राथमिक उद्दिष्ट, वाढीचे उद्दिष्ट ध्यानात ठेवून, किंमतस्थैर्य राखणे हे आहे…’

इथे आंबेडकरांच्या प्रश्नाला कायद्याने पहिल्यांदा उत्तर दिले. मोजमाप लंडनकडून बाजारहाटाकडे आले. ऑगस्ट 2016 च्या अधिसूचनेने लक्ष्य ठरले : किरकोळ किमतींच्या निर्देशांकानुसार 4 टक्के महागाई, खाली 2 आणि वर 6 ही मर्यादा. 2021 मध्ये तेच लक्ष्य 31 मार्च 2026 पर्यंत पुढे चालू ठेवले गेले.

किरकोळ किमती हा शब्द महत्त्वाचा. 2014 पर्यंत धोरणाच्या चर्चेत घाऊक निर्देशांक पुढे असे. त्यात दवाखान्याचा खर्च नाही, शाळेची फी नाही, घरभाडे नाही. किरकोळ निर्देशांकात हे सगळे आहे आणि 2012 आधारवर्षाच्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेये यांचे वजन 45.86 टक्के होते. यावर आक्षेप घेतला जातो की लासलगावला कांदा चढला तर रेपो वाढवून कांदा पिकत नाही. 2023-24 च्या आर्थिक पाहणी अहवालानेही अन्न वगळून लक्ष्य ठरवण्याचा विचार व्हावा असे सुचवले. आक्षेपातला पहिला भाग खरा आहे. अवकाळी पावसाने उडालेल्या एका महिन्याच्या भावामागे बँकेने धावू नये. पण अन्नच मोजायचे नाही, हे मला पटत नाही. ज्या घराचा निम्मा खर्च जेवणावर होतो, त्या घराला महागाई कळते ती भाजीच्या पिशवीतून. भाव महिनोन्‌महिने चढे राहिले की मजूर वाढीव मजुरी मागतो, हॉटेलवाला थाळीचा दर वाढवतो, आणि अन्नाची महागाई अन्नापुरती उरत नाही. अन्न वगळलेला निर्देशांक 4 टक्क्यांवर आणून बँकेने यश जाहीर केले तर लोक त्या आकड्यावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि या चौकटीत विश्वास गेला की हातात काही उरत नाही.

‘वाढीचे उद्दिष्ट ध्यानात ठेवून’ हा पोटवाक्यांश लवचीकपणा देतो. 27 मार्च 2020 रोजी, टाळेबंदी सुरू असताना, नियोजित बैठकीआधीच रेपो पाऊण टक्क्याने घटवून 4.40 टक्के केला गेला आणि मेमध्ये 4 टक्के. त्या वर्षी महागाई अनेक महिने 6 टक्क्यांच्या वर होती, तरीही. मी तो निर्णय योग्य मानतो. 2021 च्या उत्तरार्धाबद्दल तसे म्हणता येत नाही. त्या ऑगस्टमध्ये व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीचे एक सदस्य जयंत वर्मा यांनी सैल धोरणाच्या भूमिकेविरुद्ध मत दिले, एकट्याने. दर वाढायला 4 मे 2022 उजाडले. मग फेब्रुवारी 2023 पर्यंत 4 वरून 6.50 टक्के अशी चढण आली. जून 2024 मध्ये हेच वर्मा आशिमा गोयल यांच्याबरोबर दर घटवावेत म्हणून अल्पमतात होते, कारण त्यांच्या मते आता धोरण गरजेपेक्षा कडक झाले होते. आधी सैलपणाला विरोध आणि नंतर कडकपणाला, दोन्ही वेळा लेखी कारणांसह. उद्देशिकेतली दोन्ही उद्दिष्टे गांभीर्याने घेतली की असेच घडते.

‘आणि भारतातील चलनधोरणाची चौकट रिझर्व्ह बँक चालवील.’

‘चालवील’, ‘ठरवील’ नव्हे. लक्ष्य केंद्र सरकार रिझर्व्ह बँकेच्या सल्ल्याने दर पाच वर्षांनी ठरवते. ते गाठायचे कसे, हे पतधोरण समिती ठरवते. निवडून आलेल्यांनी ध्येय ठरवावे आणि तज्ज्ञांनी मार्ग, ही विभागणी मला न्याय्य वाटते. समितीत सहा जण : तीन बँकेचे, तीन सरकारने चार वर्षांसाठी नेमलेले आणि पुन्हा नेमता न येणारे. मते समान पडली तर गव्हर्नरचे निर्णायक मत. ऑक्टोबर 2016 च्या पहिल्या बैठकीपर्यंत हा निर्णय शेवटी एकट्या गव्हर्नरचा असे. आता बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रत्येकाचे मत आणि त्यामागचे कारण नावानिशी छापले जाते.

अपयशाची व्याख्याही सरकारने अधिसूचनेने ठरवली आहे : सलग तीन तिमाह्यांची सरासरी महागाई मर्यादेबाहेर. तसे झाल्यास कलम 45 झेडएन प्रमाणे बँकेने सरकारला कारणे, उपाय आणि लक्ष्यावर परतायला लागणारा काळ कळवायचा. 2022 च्या जानेवारी ते सप्टेंबर या तीन तिमाह्यांत हे घडले. 3 नोव्हेंबर 2022 रोजी समितीची खास बैठक झाली, अहवाल गेला, आणि तो प्रसिद्ध झाला नाही. तो जाहीर करण्याची तरतूद कायद्यात नाही, असे सरकारने संसदेत सांगितले.

ब्रिटनमध्ये महागाई लक्ष्यापासून एका टक्क्याहून अधिक ढळली की बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर अर्थमंत्र्यांना खुले पत्र लिहितात. एप्रिल 2007 मध्ये मर्विन किंग यांनी पहिले लिहिले, ते सर्वांनी वाचले. आपल्याकडे मत देणाऱ्या सहा जणांची कारणे आपण वाचू शकतो, पण सहा जण मिळून चुकले तेव्हा संस्थेने काय सांगितले ते वाचू शकत नाही. किडलंड-प्रेस्कॉट यांच्या युक्तिवादाच्या दृष्टीने पाहिले तर वचन मोडण्याची सगळी किंमत त्या एका कागदात आहे. तो बंद राहिला तर चुकण्याची किंमत फक्त बाजारात जाणारा माणूस मोजतो. 2022 च्या अहवालातले अंदाज आता जुने झाले आहेत, त्यांनी आज रोखेबाजार हलणार नाही. तो खुला करायला उद्देशिका पुन्हा बदलावी लागत नाही. कलम 45 झेडएन मध्ये प्रसिद्धीची सक्ती नसली, तरी मनाईही नाही.